पट्टी दाबून फुंक उमटते का?

मालिकेचे शीर्षकगीत, प्रायोगिक नाटकाचे पार्श्वसंगीत, दहा सेकंदांची जाहिरात, यूट्यूबवर नव्याने चाल लावलेला अभंग. या सगळ्यांत बासरी हमखास ऐकू येते, पण ध्वनिमुद्रणाच्या वेळी स्टुडिओत बासरीवादक हजर असतोच असे नाही. संगीत संयोजक कीबोर्डच्या पट्ट्या दाबतो आणि कुणा वादकाने पूर्वी कधीतरी वाजवून ठेवलेले सूर संगणकातून उमटतात. अशा साठवलेल्या सुराला सॅम्पल म्हणतात आणि त्यांच्या संचाला सॅम्पल लायब्ररी. पियानो, व्हायोलिनचे ताफे, तालवाद्ये या पद्धतीने बऱ्यापैकी साधली आहेत. फुंकून वाजवायची वाद्ये, म्हणजे आपल्या परंपरेतली सुषिर वाद्ये, मात्र अजून पुरती हाती लागलेली नाहीत. ती का लागली नाहीत, गेल्या साठ वर्षांत त्यासाठी काय काय केले गेले आणि आज कुठवर मजल गेली आहे, याचा हा आढावा.

दोन गोष्टी सुरुवातीलाच वेगळ्या करायला हव्यात. एक खरेपणा, म्हणजे सूर कानावर पडताच तो बासरीचा किंवा क्लॅरिनेटचा वाटणे. दुसरी भावक्षमता, म्हणजे वाजवणाऱ्याला जे म्हणायचे आहे ते त्या सुराकडून म्हणून घेता येणे. जाहिराती पहिल्या गोष्टीच्या होतात. वाजवणाऱ्याची अडचण दुसऱ्या गोष्टीत असते. सुषिर वाद्यांच्या बाबतीत या दोन्ही शेवटी एकच ठरतात, असे माझे मत आहे. सुराला फुंकेच्या हुकमात राहता आले नाही, तर त्याचा खरेपणाही दोन-चार ओळींपलीकडे टिकत नाही.

कान काय ओळखतो

वाद्याची ओळख त्याच्या स्थिर, लांबलेल्या सुरात असते असे आपल्याला वाटते. १९६४ मध्ये अमेरिकेतील केनेथ बर्जर यांनी सुषिर वाद्यांच्या सुरांचा आरंभ आणि शेवट कापून मधलाच भाग बँडमध्ये वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांना ऐकवला, तेव्हा रोजच्या परिचयाची वाद्ये ओळखतानाही त्यांचा गोंधळ उडाला. जीभ सुटते, हवा नळीत शिरते आणि सूर स्थिरावतो, त्या सेकंदाच्या लहानशा अंशात वाद्य आपले नाव सांगून मोकळे होते.

त्याच दशकात बेल लॅबमध्ये फ्रेंच संगीतकार आणि संशोधक झां-क्लोद रिसे संगणकाने ट्रंपेटच्या सुराचे पृथक्करण करत होते. त्यांना आढळले की सूर जसजसा मोठा होतो, तसतसा त्यातल्या वरच्या स्वरांशांचा वाटा वाढतो. सूर मोठा होताना उजळतोही. आवाजाची पातळी आणि सुराचा रंग यांचे हे नाते कृत्रिम सुरात पाळले, की कान त्याला ट्रंपेट म्हणून स्वीकारतो. आजच्या प्रत्येक आभासी सुषिर वाद्याची परीक्षा या जुन्या निष्कर्षाशी येऊन थांबते. बाहेरून आवाजाची कळ फिरवून मंद केलेला ट्रंपेट दूर गेलेल्या ट्रंपेटसारखा वाटतो, हळुवार वाजवलेल्या ट्रंपेटसारखा कधीच वाटत नाही.

प्रत्येक वाद्याचे हे नाते निराळे आहे. क्लॅरिनेटची नळी दंडगोल आणि एका टोकाला बंद असल्यासारखी वागते. म्हणून खालच्या सप्तकात तिचे विषम स्वरांश ठळक असतात, आणि अगदी हळू वाजवली तर तिचा सूर जवळजवळ निर्भेळ होतो. ट्रॉम्बोन फार जोरात फुंकला तर नळीतली ध्वनिलहर इतकी तीव्र होते की तिचे रूप आघातलहरीकडे झुकते. पितळी वाद्यांचा तो कडक, चकाकता आवाज त्यातूनच येतो. बासरीत ओठांतून निघालेली हवेची धार मुखरंध्राच्या कडेवर आपटते. धारेचा वेग वाढला की सूर किंचित चढतो, आणखी वाढला की एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. बासरीवादक फुंक वाढवताना ओठांचा कोनही बदलतो आणि चढू पाहणारा सूर जागेवर धरून ठेवतो. पातळी, रंग, स्वरस्थान आणि हवेची सळसळ या चारही गोष्टी एकाच फुंकेने बांधलेल्या आहेत. सॅम्पल घेताना हे बंधन सुटते आणि पुढचा सारा खटाटोप ते पुन्हा बांधण्याचा असतो.

फितीपासून डिस्कपर्यंत

१९६३ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे मेलोट्रॉन हे वाद्य बाजारात आले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे आणि पट्टी दाबली की त्यावर मुद्रित केलेला सूर वाजे. फीत साधारण आठ सेकंदांत संपे, मग पट्टी सोडावीच लागे. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' या १९६७ च्या गाण्याच्या सुरुवातीला ऐकू येणारी बासरी याच वाद्याची. ती खऱ्या बासरीसारखी म्हणून कुणाला आवडली नाही. तिचा डळमळता, धुरकट सूर स्वतःच एक नवा रंग ठरला. ब्रिटनमधल्या वादक संघटनेला मात्र तेव्हाच पोटापाण्याची काळजी वाटू लागली होती.

१९७९ मध्ये सिडनीत पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट हे डिजिटल सॅम्पलर आणले. स्मृती इतकी तोकडी की एका सुराला जेमतेम सेकंदभर जागा मिळे, म्हणून सुराचा मधला भाग पुन्हा पुन्हा फिरवून तो लांबवावा लागे. १९८४ च्या इम्युलेटर-२ या यंत्रातला जपानी शाकुहाची बासरीचा एक फुंकर मारलेला सूर पीटर गॅब्रिएलच्या १९८६ मधील 'स्लेजहॅमर'च्या आरंभी आला आणि पुढे कितीतरी गाण्यांत वाजला. त्या काळच्या सॅम्पलरची ताकद आणि मर्यादा या एकाच उदाहरणात दिसतात. एक सूर विलक्षण जिवंत होता, पण दर वेळी तो अगदी तसाच उमटत होता.

खरा पालट १९९८ मध्ये गिगासॅम्पलरने घडवला. सूर स्मृतीत भरून ठेवण्याऐवजी वाजवता वाजवता डिस्कवरून वाचायची सोय झाली आणि जागेची अडचण संपली. मग व्हिएन्नात हर्ब टुकमांडल या चेलोवादकाच्या पुढाकाराने व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररी उभी राहिली; त्यासाठी सायलेंट स्टेज नावाचा खास स्टुडिओ बांधला गेला. कॉन्टॅक्टसारखे सॉफ्टवेअर सॅम्पलर आले. २०१९ मध्ये लंडनच्या स्पिटफायर ऑडिओने बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा त्याच्या मेडा व्हेल स्टुडिओतच मुद्रित करून लायब्ररी म्हणून विकायला ठेवला. चित्रपटगृहात ऐकू येणारा ऑर्केस्ट्रा आता घरातल्या संगणकावर बसू लागला.

एका बासरीचा हिशेब

अशी लायब्ररी बनते कशी, हे एका वाद्यावर पाहू. पाश्चात्त्य बासरीची तीन सप्तके धरली तर ३७ सूर होतात. प्रत्येक सूर मंद, मध्यम, जोरकस आणि अतिजोरकस अशा चार पातळ्यांवर घ्यायचा. तोच सूर लागोपाठ वाजला तर कान लगेच नक्कल पकडतो, म्हणून प्रत्येकाच्या तीन आवृत्त्या घेऊन त्या आळीपाळीने वाजवायच्या. लांब सूर, तुटक सूर, जिभेच्या आघाताचा सूर, कंपित आणि अकंपित सूर असे पाच प्रकार धरले, तर नुसते सुटे सूरच २,२२० होतात. वादकाला ते एकाच सुरावटीत, एकाच अंतरावर बसून, दिवसामागून दिवस एकसारखे वाजवावे लागतात.

इतके करूनही सुषिर वाद्य नेमके जिथे अडते ती जागा पातळ्यांच्या मध्ये आहे. वादक एकच सूर शून्यातून उचलून भरीव करतो, तेव्हा सॅम्पलर मंद पातळीचे मुद्रण हळूहळू मावळवतो आणि जोरकस पातळीचे हळूहळू पुढे आणतो. मधल्या क्षणी दोन्ही वाजत असतात. ती दोन वेगळ्या वेळी घेतलेली मुद्रणे आहेत. त्यांच्या लहरी एकमेकींशी जुळत नाहीत, काही स्वरांश एकमेकांना खाऊन टाकतात आणि क्षणभर दोन बासरीवादक एकत्र वाजवत असल्यासारखे ऐकू येते. सोळा व्हायोलिनच्या ताफ्यात हा दोष लपतो, किंबहुना तिथे तो गुण ठरतो. एकट्या क्लॅरिनेटला लपायला जागा नसते. व्हायोलिनचे ताफे लवकर साधले आणि एकल सुषिर वाद्ये मागे राहिली, त्याचे मोठे कारण हेच.

कंपनाचेही तसेच. मुद्रणातच कंप असेल तर तो वादकाने त्या दिवशी घेतला तसाच राहतो; उशिरा सुरू करता येत नाही, वाढवता येत नाही. अकंपित सूर घेऊन त्यावर यंत्राने कंप चढवला, तर बहुधा फक्त स्वरस्थान वरखाली हलते. खऱ्या बासरीचा कंप मुख्यतः श्वासातून येतो, त्यामुळे त्यात पातळी आणि रंगही हलतात. अलीकडच्या लायब्रऱ्यांत श्वासाचा आणि पट्ट्यांच्या टकटकीचा आवाज मुद्दाम पेरलेला असतो. तो फुंकेच्या दाबाबरोबर वाढत-घटत नसेल, तर तो वरवरचा साज राहतो आणि पाचव्या मिनिटाला खटकू लागतो.

सुरांच्या मधली वाट

सुटे सूर कितीही उत्तम असोत, गाणे त्यांच्या जोडणीत असते. क्लॅरिनेटवर एका श्वासात 'सा'वरून 'प'वर जाताना हवा थांबत नाही, फक्त बोटे बदलतात. त्या बदलात काही क्षण नळीची लांबी अनिश्चित असते, सूर किंचित अडखळतो आणि नव्या जागी बसतो. कीबोर्डवर मात्र प्रत्येक सूर नव्याने जन्मतो.

व्हिएन्नाच्या मंडळींनी यावर सरळ मार्ग काढला: जोडण्याच मुद्रित करायच्या. पुन्हा हिशेब करू. ३७ सुरांमध्ये एका सप्तकाच्या आतल्या चढत्या-उतरत्या सर्व जोड्या ७३२ होतात. त्या तीन पातळ्यांवर घेतल्या तर २,१९६. सॉफ्टवेअर आधीचा सूर कोणता होता ते पाहते, योग्य जोडणीचे मुद्रण मधे घालते आणि पुढच्या सुरावर उतरते. या एका कल्पनेने सॅम्पल लायब्रऱ्यांना पहिल्यांदा ओळ म्हणता येऊ लागली. हे यश मोठे आहे, आणि संथ, सरळ पाश्चात्त्य चालीत ते आजही पुरते. पण मुद्रित जोडणीचा वेग ठरलेला असतो. द्रुत लयीत ती मागे पडते, अतिविलंबित लयीत घाई केल्यासारखी वाटते. शिवाय दोन सुरांमध्ये एकच वाट असते हे तिने गृहीत धरलेले असते, आणि आपल्या संगीताचा मुद्दा इथूनच सुरू होतो. त्याकडे पुढे येतो.

पट्टीला श्वास देणे

कीबोर्डची पट्टी मुळात आघाताची. ती किती वेगाने दाबली एवढेच सांगते; दाबल्यानंतर सुराचे काय करायचे ते सांगत नाही. सुषिर वाद्यात सगळी गोष्ट दाबल्यानंतरचीच असते. म्हणून संयोजक उजव्या हाताने सूर वाजवतो आणि डाव्या हाताने मॉड व्हील पुढे-मागे करून फुंक रंगवतो. १९८३ साली आलेल्या मिडी या संकेतप्रणालीत अशा नियंत्रणाला १२८ पायऱ्या मिळतात, आणि दुसऱ्या क्रमांकाचे नियंत्रण तर श्वासासाठीच राखून ठेवलेले आहे. त्याच वर्षीच्या यामाहा डीएक्स-७ या गाजलेल्या सिंथेसायझरला तोंडात धरायचा ब्रेथ कंट्रोलर जोडायची सोय होती. फारच थोड्यांनी ती वापरली.

वादकांच्या बाजूनेही प्रयत्न झाले. नाइल स्टायनर यांनी घडवलेली, फुंकून वाजवायची इलेक्ट्रॉनिक वाद्ये १९८७ मध्ये अकाई कंपनीने ईडब्ल्यूआय या नावाने बाजारात आणली. सॅक्सोफोनवादक मायकेल ब्रेकर यांनी हे वाद्य मैफलीत नेऊन ते खेळणे नाही हे दाखवून दिले. रोलँडचा एरोफोन २०१६ मध्ये आला. या वाद्यांत ओठांचा दाब, श्वासाचा जोर आणि बोटांची जागा वेगवेगळी वाचली जाते.

इथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. एखादी मध्यम किमतीची क्लॅरिनेट लायब्ररी घ्या. आधी मॉड व्हीलने एक संथ ओळ वाजवा, मग तीच ओळ ब्रेथ कंट्रोलर तोंडात धरून वाजवा. सूर तेच, सॉफ्टवेअर तेच. पण दुसऱ्या वेळी ओळीला आपोआप विराम मिळतात, कारण वाजवणाऱ्याचा श्वास संपतो. सुराचा शेवट कापल्यासारखा होत नाही, विरतो. हाताने रेखलेली चढउतारीची रेषा गुळगुळीत असते. श्वासाच्या रेषेत बारीक थरथर असते आणि कानाला ती माणसाची खूण वाटते. नवी लायब्ररी विकत घेण्याआधी ब्रेथ कंट्रोलर घ्यावा, असे मी कुणालाही सांगेन. तो नसेल तर निदान प्रत्येक ओळ आधी तोंडाने गुणगुणावी आणि दम संपेल तिथे सूर तोडावा. चाळीस सेकंद न थांबणारी बासरी ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण तिच्यात काहीतरी खोटे आहे हे नक्की कळते.

मिडीचा पसाराही वाढला आहे. एकाच वेळी वाजणाऱ्या प्रत्येक सुराला स्वतंत्र वळण देणारी एमपीई ही पद्धत २०१८ मध्ये मान्य झाली, तर २०२० मध्ये आलेल्या मिडी २.० मध्ये १२८ पायऱ्यांच्या जागी ३२ बिटांची सूक्ष्मता आली. लिनस्ट्रुमेंट किंवा सीबोर्डसारख्या वाद्यांवर बोट आडवे सरकवून सूर ओढता येतो. साधने आहेत, त्यांना पुरेपूर साथ देणारे नमुने, म्हणजे सॅम्पल, कमी आहेत.

नमुन्यांना सोडचिठ्ठी

दुसरा एक प्रवाह म्हणतो की सूर साठवूच नका, वाद्यच संगणकात घडवा. स्टॅनफर्डच्या ज्युलियस स्मिथ यांनी नळीत आणि तारेत फिरणाऱ्या लहरींचे गणित कमी खर्चात मांडण्याची पद्धत विकसित केली. तिच्या आधारे यामाहाने १९९४ मध्ये व्हीएल-१ आणला. त्यात मुद्रित सूर नव्हतेच; पत्ती, नळी आणि फुंक यांचे प्रारूप होते. फुंक कमी पडली तर सूर फुटे, जास्त झाली तर उडी मारे. वाजवायला तो अवघड होता, महाग होता आणि एका वेळी दोनच सूर देई. तो फारसा खपला नाही, पण भावक्षमतेच्या बाबतीत त्याने जो मापदंड घातला तो सॅम्पल लायब्रऱ्यांना कित्येक वर्षे गाठता आला नाही.

इटलीतल्या जॉर्जो तोमासिनी आणि स्तेफानो लुकातो यांनी मधली वाट काढली. २००८ च्या सुमारास आलेल्या त्यांच्या ट्रंपेटमध्ये मूळ सूर खरे, मुद्रित केलेले होते, पण वेगवेगळ्या पातळ्यांच्या लहरी एकमेकींशी काटेकोर जुळवलेल्या होत्या. त्यामुळे मंद सुरातून जोरकस सुरात जाताना दोन वादक ऐकू येत नव्हते. एकच सूर उजळत होता. जोडण्या मुद्रित न करता तिथल्या तिथे घडवल्या जात होत्या, म्हणून त्यांचा वेग वाजवणाऱ्याच्या हाती राहिला. लुकातो पुढे एमानुएले पारावीचिनी यांच्याबरोबर प्रारूपांवर आधारलेल्या स्वाम वाद्यांकडे वळले. स्वीडनचे आर्ने वॉलँडर यांनी स्वरांश बेरजेने जुळवून पितळी वाद्ये उभी केली.

या प्रवाहाची उणीवही प्रामाणिकपणे सांगायला हवी. एकच लांब सूर धरून ऐकला तर मुद्रित नमुना बहुतेक वेळा जिंकतो. लाकडाची ऊब आणि खोलीची हवा त्याच्यात आपसूक असते. प्रारूपाचा सूर अनेकदा थोडा कोरडा आणि काचेरी लागतो. चार ओळी सलग वाजवल्या की पारडे फिरते. अनुभवी संयोजक आज दोन्ही वापरतात: उघडी, एकल ओळ प्रारूपावर आणि मागचा भराव नमुन्यांवर.

आपली बासरी कुठे अडते

आता आपल्या बासरीकडे. सहा छिद्रांच्या बासरीवर वरची तीन छिद्रे झाकली की 'सा' लागतो, सगळी उघडली की तीव्र मध्यम, आणि सगळी झाकून फुंक वाढवली की मध्य सप्तकातला पंचम. म्हणजे तीव्र मध्यम आणि पंचम शेजारी असूनही बोटांच्या दृष्टीने दोन टोकांना आहेत. त्यांच्यामध्ये अखंड मींड घेणे कठीण. पन्नालाल घोष यांनी सुमारे ३२ इंची लांब बासरी रूढ केली आणि सातवे छिद्र जोडले. त्यामुळे पंचमाच्या खालीच तीव्र मध्यम मिळाला आणि ही मींड शक्य झाली. एका मींडेसाठी वाद्याची घडण बदलावी इतके मोल आपल्याकडे दोन सुरांमधल्या वाटेला आहे.

सॅम्पल केलेल्या बासरीवर ही मींड घेताना संयोजक पिच बेंडचे चाक फिरवतो. त्या वेळी काय होते ते लक्ष देऊन ऐका. साध्या सॅम्पलरमध्ये एकाच सुराचे मुद्रण वेगाने किंवा सावकाश फिरवले जाते. त्यामुळे सुराबरोबर त्यातली सळसळही वर चढते आणि कंप असेल तर त्याचाही वेग वाढतो. खऱ्या बासरीत बोट छिद्रावरून हळूहळू सरकते, छिद्र अर्धवट उघडते आणि सूर क्षणभर झाकोळतो. पुढच्या सुरावर पोचताना तो पुन्हा खुलतो. मींडेतली आर्तता त्या झाकोळण्यात आहे. चाक फिरवून सूर सरकतो, पण झाकोळत नाही.

दुसरी अडचण स्वरस्थानाची. स्वरांतर सेंट या एककात मोजतात; कीबोर्डचा गांधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो. तानपुऱ्यातून उमटणारा स्वयंभू गांधार सुमारे ३८६ सेंटवर. पांढरी तीनचा, सुमारे ३३० हर्ट्झचा षड्ज धरला, तर या दोन गांधारांमध्ये सेकंदाला तीनहून अधिक ठोके पडतात. ऑर्केस्ट्राच्या भरावात ते कुणाच्या लक्षात येणार नाहीत. तानपुऱ्यावर भूप किंवा यमन धरला की लगेच टोचतात. दरबारीचा आंदोलित गांधार तर एका जागी उभाच राहत नाही. स्वित्झर्लंडच्या स्वार सिस्टिम्सने भारतीय वाद्यांचे नमुने बरीच वर्षे उपलब्ध करून दिले आहेत, आणि तयार सुरावटींचे तुकडे देणाऱ्या लायब्रऱ्याही आहेत. तुकड्यातली मींड खरी असते, कारण ती वादकानेच घेतलेली असते. पण ती त्याच्या मनातल्या रागाची असते, आपल्या चालीची नसते. म्हणूनच एकच हळवी लकेर वेगवेगळ्या मालिकांत पुन्हा पुन्हा भेटते.

सनईची स्थिती याहून बिकट आहे. तिची पत्ती ओठांत असते आणि ओठांच्या दाबाने सूर कुठल्याही दोन छिद्रांमध्ये कुठेही थांबवता येतो. पालघरच्या वारली वस्त्यांतला, दुध्या भोपळ्याचा, बांबूचा आणि ताडाच्या पानांचा तारपा तर श्वास न तोडता तासन् तास वाजतो. नाचणारी साखळी त्याच्या बदलत्या चालीवर पावले बदलते. सुटे सूर कापून तारप्याचा नमुना करणे म्हणजे त्याचा प्राणच काढून घेणे. नंदुरबार आणि डांगच्या पट्ट्यातल्या पावरीचेही तेच. या वाद्यांच्या सलग, दीर्घ वादनाचे उत्तम दर्जाचे मुद्रण ही आधीची पायरी आहे.

गळ्यातून बासरी

२०२० मध्ये गुगलच्या मॅजेंटा गटाने डीडीएसपी नावाची पद्धत मांडली. तिच्यात यंत्र एखाद्या वाद्याचे काही मिनिटांचे वादन ऐकून शिकते: अमुक स्वरस्थान आणि अमुक पातळी असताना त्या वाद्यात कोणते स्वरांश आणि किती सळसळ असते. मग गाणाऱ्याच्या गळ्यातून स्वरस्थान आणि पातळी उचलून तिथे त्या वाद्याचा आवाज बसवते. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने गुगलने 'साउंड्स ऑफ इंडिया' हा प्रयोग खुला केला. फोनवर राष्ट्रगीत गायचे आणि ते बासरी, सनई किंवा सारंगीच्या आवाजात ऐकायचे.

हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. पट्टीला फुंक शिकवण्याचा साठ वर्षांचा खटाटोप बाजूला ठेवून त्याने थेट गळ्यालाच वाद्याच्या जागी बसवले. गायकी अंग ही आपल्या वादनपरंपरेची कसोटी. मींड, कण, आंदोलन गळ्यात आधीच असतात. त्यांना पुन्हा चाकावर शोधावे लागत नाही. आज या आवाजात धूसरपणा आहे, सुराचा आरंभ लिबलिबीत होतो, द्रुत तानेत यंत्र घसरते. तरीही दिशा हीच योग्य आहे, कारण रिसे यांनी दाखवलेले पातळी आणि रंगाचे नाते इथे पुन्हा मध्यभागी आले आहे.

वादकाचे काय

हा प्रश्न टाळून आढावा पुरा होत नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतातला ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि बँडमध्ये घडलेल्या कलावंतांनी दशकानुदशके सांभाळला. सिंथेसायझर आणि सॅम्पलर आल्यावर मोठे ताफे रोडावले आणि त्यांच्या मुलांनी दुसरे व्यवसाय धरले. खर्चाचे गणित संयोजकाच्या बाजूने आहे, हे मान्य करायलाच हवे. छोट्या नाटकाला किंवा लघुपटाला वाद्यवृंद परवडत नाही, आणि तिथे सॅम्पल नसते तर संगीतच झाले नसते.

पण ज्यांना परवडते त्यांनी काय निवडले तेही पाहावे. २०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जिवंत वाद्यवृंद मुद्रित केला, आणि मराठी माणसाने खेडोपाडी तो फरक कानाने अनुभवला. ए. आर. रहमान यांनी संगणकाचा सर्वाधिक वापर करूनही 'बॉम्बे'च्या विषयसंगीतात नवीन कुमार यांची खरीखुरी बासरी ठेवली. या निवडींमागे जुन्याचा मोह नाही. ज्या ओळीवर गाण्याचा भार आहे ती माणसाच्या श्वासावर ठेवावी, हा त्यांचा व्यावसायिक निर्णय आहे.

माझा निष्कर्ष असा. भराव, संगत, छोटे पूरक सूर आणि वेगवान तुटक चाली यांसाठी सॅम्पल केलेली सुषिर वाद्ये आज पूर्णपणे वापरण्याजोगी आहेत. पाश्चात्त्य धर्तीच्या एकल ओळीसाठी ब्रेथ कंट्रोलरसह जुळवलेले नमुने किंवा प्रारूपे चालतील. आलाप, मींड आणि रागाची ओळख ज्या ओळीवर अवलंबून आहे, तिथे अजून कोणतेही सॉफ्टवेअर पुरे पडत नाही; तिथे वादकालाच बोलवावे, एका तासासाठी का होईना. आणि विद्यापीठांचे संगीत विभाग, आकाशवाणीची केंद्रे, स्टुडिओचालक यांना एक विनंती. बासरी, सनई, तारपा, पावरी यांच्या जाणत्या वादकांचे दीर्घ, अखंड मुद्रण करा. त्यांची लेखी संमती घ्या आणि मुद्रणाच्या प्रत्येक वापराचा मोबदला त्यांच्यापर्यंत पोचेल असा करार करा. उद्याची यंत्रे ज्या फुंकेवरून शिकणार आहेत, ती आज या वादकांच्या छातीत आहे.